पंचगंगेतला लांब चोचीचा मासा कोण, आणि तो जगतो कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिवाळीनंतर कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर, कडेच्या केंदाळाजवळ (जलपर्णीजवळ), पाण्याच्या अगदी वरच्या थरात एक सडपातळ हिरवट-रुपेरी मासा स्थिर उभा दिसला. त्याला लांब, दातेरी चोच होती. हे मगरीचं पिल्लू तर नव्हे, बातम्यांत येतो तो परदेशी अलिगेटर गार मासा तर नव्हे, माणसाला इजा करतो का, लोक खातात का आणि घरच्या टाकीत ठेवता येईल का, असं विचारलं आहे.

हा आपल्याच नदीचा मासा आहे, बाहेरून आलेला नाही. शास्त्रीय नाव झेनेंटोडॉन कॅन्सिला. आपल्याकडे कुणी त्याला सुईमासा म्हणतं, कुणी नुसतं चोचवाला, काही ठिकाणी कुत्रा हे नावही चालतं. बंगालमध्ये तो काकिला म्हणून बाजारात विकला जातो. पाकिस्तानपासून भारत, श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश, म्यानमार आणि पुढे थायलंड-कंबोडियापर्यंत तो सापडतो. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांचं वर्णन प्रसिद्ध केलं, त्यात याची पहिली शास्त्रीय नोंद आहे. त्यांनी त्याला युरोपातल्या पाइक माशाच्या गटात बसवलं होतं. नंतर दख्खनच्या माशांवर लिहिताना कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये यालाच निराळं नाव दिलं. आजचं झेनेंटोडॉन हे प्रजातीचं नाव १९११ पासूनचं.

खरं नातं पाइकशी अजिबात नाही. हा बेलोनिडी कुळातला. कोकणातून घाट चढून आपल्या बाजारात येतो तो समुद्रातला टोळ याचा सख्खा भाऊबंद, आणि पाण्यावरून पंख पसरून झेपावणारे उडणारे मासे याचे चुलत भाऊ. हे नातं लक्षात ठेवलं तर या माशाच्या अंगातली एकेक गोष्ट उलगडत जाते, कारण हा सगळा गोतावळाच मुळात पाण्याच्या पृष्ठभागावर जगणारा आहे. आपल्या नदीतला सुईमासाही तसाच. त्याचं सगळं आयुष्य वरच्या वीतभर पाण्यात जातं. तळाशी काय चाललंय याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं.

आता अंगाकडे बघा. शरीर लांबट, बाजूने किंचित चपटं. पूर्ण वाढ झाली की ४० सेंटिमीटरपर्यंत जातो, पण नदीत नेहमी दिसणारे त्याहून बरेच लहान असतात. पाठ हिरवट, पोट पांढुरकं, आणि दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत रुपेरी पट्टा. वरून बघणाऱ्या खंड्याला किंवा बगळ्याला हिरवी पाठ हिरव्या पाण्यात मिसळलेली दिसते; खालून बघणाऱ्या मरळीला पांढरं पोट उजळ आभाळात हरवतं. म्हणूनच घाटाच्या पायरीवर उभं राहून तुम्हाला तो पटकन दिसत नाही. बऱ्याचदा आधी त्याची सावली दिसते, मग मासा.

पाठीवरचा पर आणि पोटाखालचा मागचा पर, हे दोन्ही शरीराच्या पार मागच्या टोकाला, शेपटीजवळ समोरासमोर असतात. पुढचं अंग मोकळंच. इतर माशांच्या मानाने हे विचित्र वाटतं, पण दबा धरून झडप घालणाऱ्या माशाला असंच लागतं. मागचे दोन पर आणि शेपूट मिळून एकाच फटक्यात सगळं अंग पुढे ढकलतात. एरवी तो कल्ल्यांमागचे छोटे पर हलके वल्हवत जागच्या जागी उभा असतो. परांत काटे नसतात, सगळे किरण मऊ. नर ओळखायचा असेल तर पाठीच्या आणि मागच्या पराच्या कडा बघा. नरात त्या काळपट असतात.

एक बारकावा सहसा कुणी बघत नाही. माशाच्या अंगाच्या बाजूने जी संवेदनेची रेघ जाते, जिला पार्श्वरेषा म्हणतात, ती कटल्या-रोहूत अंगाच्या मधोमध असते. सुईमाशात ती खाली, पोटाच्या कडेने जाते. पाण्यातली हालचाल या रेघेला कळते. पृष्ठभागावर वाऱ्याच्या लाटांची सतत गडबड असते; रेघ खाली असली की खालून येणाऱ्या हालचालीचा अंदाज जास्त स्वच्छ येत असणार, असं मला वाटतं. संपूर्ण कुळातच ती अशी खाली आहे.

चोच म्हणजे पुढे वाढलेले दोन जबडे. खालचा किंचित लांब. दोन्हींवर बारीक टोकदार दातांची रांग. मेलेला मासा हातात घेऊन चोचीवरून बोट टोकाकडून मागे फिरवलंत तर दात लगेच जाणवतात. हे दात चावण्यासाठी किंवा चघळण्यासाठी नाहीत, धरून ठेवण्यासाठी आहेत. पाण्यात तोंड रुंद उघडून भक्ष्य ओढून घेणारे मासे बरेच असतात. याला ते जमत नाही, कारण एवढ्या लांब अरुंद तोंडात ओढ निर्माण होत नाही. मग तो काय करतो? डोकं बाजूला झटकून चोचीच्या चिमटीत भक्ष्य आडवं पकडतो.

हे एकदा डोळ्यांनी बघाच. सकाळच्या कोवळ्या उन्हात, पाणी स्वच्छ असताना, कडेला चांदीसारख्या बारीक माशांचा थवा असतो. सुईमासा त्यांच्याकडे इतका सावकाश सरकतो की तो वाहत आलाय असंच वाटावं. मग अंग थोडंसं वाकतं आणि पुढच्या क्षणी एक पिल्लू चोचीत आडवं असतं. तो लगेच गिळत नाही. तसाच थोडा बाजूला जातो. मग झटका देतो, पकड क्षणभर सैल करतो, पुन्हा धरतो. दर झटक्याला पिल्लू थोडं फिरतं आणि चोचीतून घशाकडे सरकतं. त्याचं डोकं घशाकडे आलं की आख्खं आत. डोक्याकडून गिळलं की खवले आणि परांचे काटे मागे दुमडतात, घशात अडकत नाहीत. या गडबडीत कधी कधी भक्ष्य निसटतं, आणि जवळचा दुसरा सुईमासा ते पळवायला धावतो.

गिळलेलं जातं कुठे? या कुळातल्या माशांना खरंखुरं जठर नसतं. अन्ननलिकेपासून आतडं जवळजवळ सरळ मागे जातं. एका वेळी भरपूर खाऊन साठवून ठेवायची सोय नाही. म्हणून लहान लहान घास आणि वरचेवर शिकार, असा त्याचा दिवस असतो. खाण्यात बारीक मासे, झिंगे, पाण्यावर पडलेले किडे, डासांच्या अळ्या, कधी बेडकाची पिल्लं. पिल्लूपणी तर पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांवरच जगतो.

पिल्लू जन्मतः चोच घेऊन येत नाही. अंड्यातून निघताना तोंड साधंच असतं. मग आधी खालचा जबडा लांबू लागतो आणि वरचा मागे राहतो. या टप्प्यावर ते हुबेहूब त्याच गोतावळ्यातल्या दुसऱ्या एका कुळासारखं दिसतं, ज्यात मोठ्या माशांचाही फक्त खालचा जबडाच लांब असतो. पुढे वरचा जबडा वाढून बरोबरी करतो. त्यामुळे जाळ्यात खालची चोच लांब आणि वरची आखूड असलेलं पिल्लू आलं, तर ते जखमी आहे किंवा वेगळी जात आहे असं लगेच समजू नका.

अंड्यांची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण नदीचं काय चुकतंय ते तिथेच कळतं. कटला-रोहू लाखांनी अंडी सोडतात आणि ती पाण्याबरोबर जातात. सुईमाशाचा हिशेब उलटा आहे. अंडी थोडी, पण एकेक मोठं, साधारण तीन मिलिमीटरचं. प्रत्येक अंड्याला चिकट तंतू असतात. या तंतूंनी ती पाणवनस्पतींच्या पानांना, मुळांना, बुडालेल्या गवताला लटकतात. आठवडा-दहा दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, तेव्हाच ती सेंटिमीटरभर लांब असतात. मोठं अंडं, तयार पिल्लू, थोडी संख्या. म्हणजे ज्या कडेच्या गवतात अंडी लटकली ते गवत मधल्या दिवसांत कापलं गेलं, यंत्राने ओढलं गेलं किंवा कोरडं पडलं, तर त्या जोडीचं त्या खेपेचं सगळं गेलं.

आपल्याकडे पावसाळा त्याला सोयीचा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येतं आणि पुढे नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळेपर्यंत ती पंचगंगा. जूनपासून पाणी चढतं, काठचं गवत बुडतं, ओढ्यांची तोंडं भरतात. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेलं की माणसांची धावपळ सुरू होते. माशांच्या दृष्टीने त्याच वेळी काठचं शेत, कुरण, नाला हे सगळं नवं उथळ पाणी असतं. नदीच्या मुख्य धारेत लाल गढूळ पाणी असतं, त्यात डोळ्यांवर शिकार करणाऱ्या या माशाला काही दिसत नाही, म्हणून तो कडेच्या संथ पाण्यात सरकतो. पूर ओसरला, पाणी निवळलं की तो पुन्हा नजरेस पडू लागतो. तुम्हाला तो दिवाळीनंतर दिसला यात म्हणूनच नवल नाही.

ऑक्टोबरच्या सुमारास बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले जातात आणि नदीची साखळी-साखळीने तळी होतात. कोल्हापुरी बंधारा ही आपल्या जिल्ह्याची देणगी आहे, शेतीसाठी तो हवाच. संथ, साचलेलं, निवळलेलं पाणी सुईमाशालाही आवडतं. अडचण पाणी अडवण्यात नाही, त्या पाण्यात काय येऊन मिसळतं यात आहे. शहरातल्या नाल्यांचं सांडपाणी आणि साखर कारखान्यांच्या मळीचं पाणी बरगे घातलेल्या डोहात शिरलं की ते वाहून जात नाही. त्यातलं सेंद्रिय द्रव्य कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो. एप्रिल-मेमध्ये पाणी कमी आणि गरम. गरम पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी विरघळतो. मग एखाद्या सकाळी काठाला मेलेल्या माशांचा थर लागतो. त्या ढिगात चिलापी सगळ्यांत जास्त दिसते, कारण नदीत तीच जास्त आहे. पण चिलापी पुन्हा भरून येते. ती वर्षातून अनेकदा पिल्लं काढते आणि तोंडात सांभाळते. मोजकी अंडी गवताला लटकवणाऱ्या माशाला तसं भरून यायला वेळ लागतो.

केंदाळाबद्दल लोक गोंधळतात. अंड्यांना वनस्पती लागतात म्हणालात, मग केंदाळ वाढलेलं चांगलंच ना? कडेला थोडं असेल तर त्याची लोंबती मुळं खरंच उपयोगी पडतात. पण रंकाळा तलावात आणि नदीच्या संथ पट्ट्यांत ते काठापासून काठापर्यंत पसरतं तेव्हा पाण्याचा पृष्ठभागच नाहीसा होतो. पृष्ठभागावर जगणाऱ्या माशाचं घरच झाकलं जातं. प्रकाश खाली जात नाही, खालचं शेवाळ मरतं, केंदाळ कुजतं, ऑक्सिजन उतरतो. त्यामुळे केंदाळ काढायलाच हवं. फक्त ऐन पावसाळ्यात काठचं नैसर्गिक गवत आणि बुडालेली झुडपं यंत्राने साफ खरवडू नयेत. काठ स्वच्छ दिसावा म्हणून सिमेंटचा सरळ उतार केला की या माशाला अंडी लटकवायला काही उरत नाही. नदीकाठ सुशोभित करणाऱ्यांनी हा मुद्दा आराखड्यात घ्यावा, असं मी कळकळीने सांगतो.

जागतिक पातळीवर ही जात धोक्यात नाही. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत ती सर्वांत कमी चिंतेच्या गटात आहे. पण देशभर भरपूर असणं आणि इचलकरंजीजवळच्या पट्ट्यात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बांगलादेशात काकिला खाणाऱ्यांना तो कमी मिळू लागला, तेव्हा तिथल्या मत्स्य संशोधन संस्थेच्या जेसोर केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये त्याचं कृत्रिम प्रजनन यशस्वी केलं. पिल्लं तयार करता येतात हे त्यामुळे सिद्ध झालं. ती सोडायला साजेसं पाणी ठेवणं ही ज्याची त्याची जबाबदारी.

मगरीच्या पिल्लाचा प्रश्न सोपा आहे. मगरीच्या पिल्लाला चार पाय असतात आणि ते श्वासासाठी नाकपुड्या पाण्याबाहेर काढतं. कृष्णेच्या खोऱ्यात मगरी आहेत, तेव्हा पाय दिसले तर लांब व्हा आणि वन विभागाला कळवा. लांब निमुळत्या तोंडाची सुसर, म्हणजे घडियाल, आपल्या नद्यांत नाही.

अलिगेटर गारचा प्रश्न जास्त गंभीर आहे. तो उत्तर अमेरिकेतला मासा. शोभेच्या माशांच्या धंद्यातून इथे आला आणि मोठा झाल्यावर लोकांनी तळ्यांत सोडला. २०२३ मध्ये भोपाळच्या तलावात आणि श्रीनगरच्या दल सरोवरात तो सापडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. ओळख अशी: त्याचे खवले जाड, चौकटीच्या आकाराचे, हाडासारखे कडक आणि एकमेकांना भिडलेले असतात, अंगावर चिलखतच. सुईमाशाचे खवले बारीक आणि पातळ, हात लावला की निघून हाताला चिकटतात. गारचं तोंड रुंद आणि चपटं, सुईमाशाचं चिमट्यासारखं बारीक. गारची शेपूट गोलसर, सुईमाशाची जवळजवळ सरळ कापलेली. गार अधूनमधून वर येऊन तोंडाने हवा घेतो. सुईमासा वर राहत असला तरी कल्ल्यांनीच श्वास घेतो. आणि एक महत्त्वाचं: गारची अंडी विषारी असतात. असा मासा सापडला तर परत पाण्यात सोडू नका, मत्स्यव्यवसाय विभागाला दाखवा. काही दुकानदार आपल्या सुईमाशालाही गार म्हणूनच विकतात, तिथून हा सगळा घोळ होतो.

इजेचं म्हणाल तर समुद्रातले टोळ खरोखर धोकादायक ठरलेले आहेत. त्यांतल्या मोठ्या जाती दीड मीटरपर्यंत वाढतात. रात्री होडीवरच्या दिव्याने बिथरून ते पाण्यावरून सुसाट उड्या मारतात आणि चोच माणसाच्या अंगात घुसते. हवाई बेटांवर १९७७ मध्ये एक लहान मुलगा अशाच घटनेत दगावला. आपल्या नदीतला सुईमासा आकाराने पुष्कळ लहान आहे, माणसावर चालून येत नाही. चाहूल लागली की पळतो. तरी उडी मारायची सवय त्यालाही आहे. रात्री जाळं ओढताना बॅटरी थेट पाण्यावर मारत असाल तर चेहरा पाण्याजवळ नेऊ नका. जाळ्यातून सोडवताना चोचीला धरू नका, ओल्या फडक्याने डोक्यामागे धरा. तुमची बोटंही वाचतात आणि त्याची चोचही.

खाण्याबद्दल. खातात, आणि चवीला चांगला असतो. मांस पांढरं, काटे बारीक. चोच कापून, आतडं काढून, स्वच्छ धुऊन हळद-तिखट-मीठ लावून तव्यावर कुरकुरीत केला की त्यातले काटे त्रास देत नाहीत. समुद्रातला टोळ आणलात आणि त्याची हाडं हिरवी निघाली तर टाकून देऊ नका. तो रंग बिलिव्हर्डिन नावाच्या पित्तातल्या रंगद्रव्याचा असतो, मासा खराब झाल्याचं ते लक्षण नव्हे आणि खायला अपाय नाही. नदीच्या माशाबाबत मात्र तो कुठून आला हे विचारून घ्या. राधानगरीच्या बाजूचा असेल तर खुशाल खा. शहराच्या खालच्या अंगाला, जिथे पाण्याला वास येतो, तिथला मी खात नाही आणि घरच्यांनाही देत नाही. मासा मरून वर आलेला असेल तर तो कितीही ताजा दिसला तरी नकोच.

शेवटी घरच्या टाकीचं. माझं उत्तर नको असं आहे. या माशाला खोल पाणी नको असतं, लांबी आणि रुंदी हवी असते, आणि घरात बहुतेकांकडे उंच, अरुंद टाकी असते. खोलीतला दिवा अचानक लागला, कुणी काचेवर टकटक केली, की तो दचकून सुसाट निघतो आणि काचेवर आपटतो. चोच मोडते. मोडक्या चोचीने शिकार जमत नाही आणि तो उपाशी मरतो. झाकण जरा उघडं राहिलं तर सकाळी मासा फरशीवर. गोळ्यांचं खाद्य तो सहसा घेत नाही, जिवंत मासे-झिंगे रोज पुरवावे लागतात, आणि सोबत ठेवलेले गप्पी-टेट्रा तो संपवतो. नदीतून धरून आणतानाच बरेच मरतात. अंग नाजूक, खवले लगेच निघतात, आणि बादलीत तो स्वतःला चारही बाजूंना आपटून घेतो. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेला अभ्यासासाठी ठेवायचाच असेल तर निदान दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद टाकी, वर घट्ट जाळीचं झाकण, तीन बाजूंना बाहेरून गडद कागद, वर तरंगत्या वनस्पती आणि दिवा हळूहळू वाढणारा, एवढी तयारी हवी. आधीच कुणी घेऊन ठेवला असेल आणि आता नकोसा झाला असेल, तर तो रंकाळ्यात किंवा कळंब्याच्या तलावात नेऊन सोडू नका. दुकानातून आलेला मासा कुठल्या पाण्यातला, त्याच्या अंगावर कुठले परजीवी, हे कुणाला माहीत नसतं.

बघायचाच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, वारा पडलेल्या सकाळी, सूर्य पाठीशी घेऊन काठावर उभे राहा. सावली पाण्यावर पडू देऊ नका. पाण्यावरची चमक कापणारा (पोलराइज्ड) चष्मा असेल तर फार फरक पडतो. फोटो काढलात तर बाजूने काढा, चोच, मागचे पर आणि शेपटीची कड दिसेल असा. तेवढ्यावर जात आणि बहुधा नर-मादीही सांगता येते. सोबत जागा, तारीख आणि पाणी कितपत निवळलेलं होतं हे लिहून ठेवा. पंचगंगेच्या कुठल्या पट्ट्यात हा मासा टिकून आहे आणि कुठून हटलाय, हे अशा नोंदींतून कळतं.